तारीख चुकू नये म्हणून

वाशीच्या महापालिका रुग्णालयातल्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रात गोळ्या न्यायला येणाऱ्या माणसाजवळ एक हिरवी पुस्तिका असते. देशभरातल्या सगळ्या सरकारी एआरटी केंद्रांत ती तशीच असते. आत रकाने आखलेले. वजन किती, रक्तातल्या सीडीफोर या प्रतिकारपेशी किती, कोणत्या गोळ्या, किती दिल्या, मागच्या किती उरल्या आणि शेवटी पुढची तारीख. याच माणसाचे एक पांढरे कार्डही असते, पण ते केंद्राच्या कपाटातच राहते. हिरवी पुस्तिका घरी जाते, पांढरे कार्ड वाट बघते. तारखेला माणूस आला की दोन्हींवर नोंद होते. आला नाही, तर नोंद पांढऱ्या कार्डावरच होते.

एचआयव्हीच्या उपचारांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा औषधाचा इतिहास सांगतो. कोणी शोधले, किंमत किती होती, स्वस्त कसे झाले, सरकारने फुकट कधी द्यायला सुरुवात केली. तो सांगायलाच हवा. पण औषध मिळणे ही एक गोष्ट आणि ते वीस-वीस वर्षे चालू राहणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास त्या शेवटच्या रकान्यात आहे. आणि नवी मुंबईसारख्या, सगळेच कुठून तरी आलेल्या शहरात तो जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल.

हातात काही नव्हते तेव्हा

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रासमध्ये सापडला. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या तरुण संशोधिकेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यांतले काही पॉझिटिव्ह निघाले. त्याच सुमारास मुंबईतही रुग्ण दिसू लागले. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईत वेश्याव्यवसायात असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास लागण पोहोचली होती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ साली उभी राहिली. पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, नारी, त्याच वर्षी सुरू झाली.

सुरुवातीला व्यवस्थेच्या हाती उपचार नव्हते, भीती मात्र भरपूर होती. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला रक्तदानानंतरच्या तपासणीत लागण आढळली आणि तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईने, लुसी डिसूझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे दाद मागितली. डॉमिनिक सुटला, पुढे त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि १९९२ साली तो वारला. ज्याला रुग्ण म्हणायचे त्याला कैदी केल्यावर दुसरा रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येईल, ही आशा कोणत्या तोंडाने करायची?

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दुसरी एक वाट मोकळी केली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर केले होते. तो काम करायला सक्षम असेल तर केवळ लागण आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. त्या खटल्यात कामगाराला आपले नाव झाकून लढू दिले गेले, म्हणून तो कायद्याच्या पुस्तकांत 'एमएक्स' या दोन अक्षरांनीच ओळखला जातो. नाव सांगावे लागणार नाही, हा दिलासा पुढच्या कितीतरी लोकांना न्यायालयाच्या आणि दवाखान्याच्याही पायरीपर्यंत घेऊन आला.

खाडीपलीकडचे शहर

याच वर्षांत खाडीपलीकडे शहर उभे राहत होते. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. मशीद बंदरचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ साली वाशीला आला, फळे आणि भाजीपाल्याचा १९९६ साली. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. नवी मुंबई महापालिकेचा कारभार १९९२च्या जानेवारीत सुरू झाला आणि त्याच वर्षी हार्बरची लोकल वाशीला पोहोचली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने, कळंबोलीला लोखंडाचा बाजार आणि ट्रकचा तळ, नाक्या-नाक्यावर बांधकामाच्या कामाला उभे राहिलेले मजूर.

बाजाराबरोबर माथाडीही आला. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतल्या गावांतून पिढ्यान् पिढ्या मुंबईला येऊन पाठीवर गोणी वाहणारा हा माणूस. बायको-मुले गावी, शेत गावी, म्हातारी आई गावी, आणि स्वतः एका गाळ्यात गावच्या वीस-पंचवीस जणांबरोबर वळकटी टाकून. खानावळीचे जेवण, महिन्याला मनिऑर्डर, जत्रेला आणि पेरणीला गावाकडे. कळंबोलीच्या तळावरचे ट्रकवालेही असेच, फक्त त्यांचे गाव आणखी लांब. या जगण्यात आजाराला वाट सापडली यात नवल नाही. नवल वाटायला हवे ते याचे, की माणसांना अशा रीतीने घरापासून तोडून शहरे बांधताना त्यांच्या आजारपणाचा विचार कोणीच केला नव्हता.

माथाडी आजारी पडला की गावी जाई. गाळ्यातले सोबती त्याला एसटीत बसवून देत. गावाकडे तो खंगत जाई आणि पुढे काही महिन्यांनी, काही वर्षांनी, त्याच्या बायकोचे रक्त तपासले जाई. सांगली-सातारा भागातल्या किती घरांत हे घडले, त्या घरांनाच ठाऊक. तिने काही केले नव्हते आणि तरी बोट तिच्याकडेच दाखवले गेले. उपचाराच्या या इतिहासात पुढे सर्वांत नेमाने तारीख पाळणाऱ्यांत या विधवाच होत्या, कारण त्यांच्यामागे मुले होती.

दिवसाला एक डॉलर

१९९६ साली व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेत सिद्ध झाले की तीन औषधे एकत्र दिली तर विषाणू दबतो आणि मरणाच्या दारातला माणूस उठून बसतो. पण या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. औषध उत्तरेला आणि आजार दक्षिणेला, अशी जगाची वाटणी झाली.

ही वाटणी मोडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. २००१च्या फेब्रुवारीत सिप्लाचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरला देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी. तीन औषधे एकाच गोळीत आली. भारतात तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हते, पद्धतीवर होते. म्हणून हे शक्य झाले. पण आफ्रिकेला दिलासा देणारी ही गोळी ज्या मुंबईतून निघाली, त्याच मुंबईतल्या हमालाला दिवसाचा एक डॉलरही परवडणारा नव्हता. कोणी दागिने मोडून तीन महिने गोळ्या घेई, बरे वाटले की थांबवी, पुन्हा आजारी पडला की पुन्हा सुरू करी. अशी थांबून-थांबून घेतलेली गोळी विषाणूला शहाणे करते. मग तीच गोळी त्याच्यावर चालेनाशी होते.

१ एप्रिल २००४

३० नोव्हेंबर २००३ रोजी तेव्हाच्या आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी मोफत एआरटीची घोषणा केली आणि १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ मोठ्या रुग्णालयांत ती सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबईचे जे. जे. आले.

सुरुवातीला सीडीफोर २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. म्हणजे बहुतेक माणसे अगदी शेवटच्या घटकेला येत, कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून. गोळ्या सुरू करण्याआधी समुपदेशकाबरोबर दोन-तीन बैठका होत आणि सोबत घरचे कोणीतरी आणायला सांगत. सांगणे योग्यच होते, कारण या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, वेळच्या वेळी घ्यायच्या. शंभरांतल्या पंचाण्णव तरी पोटात गेल्या पाहिजेत, तरच विषाणू दबून राहतो. पण गाळ्यात राहणाऱ्या, गावी कुणालाही न सांगितलेल्या माणसाने सोबत आणायचे कोणाला?

वाशी किंवा पनवेलच्या माणसाला जे. जे. गाठायचे म्हणजे पहाटेची हार्बर, सँडहर्स्ट रोडला उतरून पायपीट, रांग, वजन, रक्त, समुपदेशक, डॉक्टर, औषधांची खिडकी. दिवस गेला. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस गेला म्हणजे खाडा, आणि दर महिन्याला खाडा म्हणजे मुकादमाचा प्रश्न: कुठे जातोस? पण हा लांबचा पल्ला काहींना हवाही होता. तिथे ओळखीचे कोणी भेटत नसे. पुढे उपचार जवळ आले, वाशीतच केंद्र झाले, तेव्हा खाडा वाचला आणि नवी भीती आली, की रांगेत शेजारचा दिसला तर? दूरच्या केंद्राला भाडे लागे आणि जवळच्या केंद्राला धीर.

गोळ्यांची बाटलीसुद्धा बोलायची. साठ गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते. लोकांनी तिच्यात कापूस भरला. बाटलीवरचे कागद सोलून टाकले, गोळ्या शक्तीच्या गोळ्यांच्या डबीत ओतल्या, कोणी पिठाच्या डब्यामागे ठेवल्या. डबीतल्या गोळ्या पुन्हा मोजून समुपदेशकासमोर मांडायच्या, तेव्हा हिशेब लागत नसे. समुपदेशक टेबलावर उरलेल्या गोळ्या दोन-दोन करून मोजते आणि विचारते, 'या सहा कशा राहिल्या?' या प्रश्नात दरडावणी आली की पुढच्या महिन्यात माणूस उरलेल्या गोळ्या गटारात टाकून येतो आणि हिशेब अगदी चोख लागतो. चांगल्या समुपदेशकांना हे पहिल्या वर्षातच कळले. त्या मग गोळ्यांआधी घरचे विचारू लागल्या.

'हरवलेले'

पांढऱ्या कार्डावर माणसाची स्थिती लिहिण्यासाठी ठरलेले शब्द आहेत. उपचार चालू. दुसऱ्या केंद्रात बदली. उपचार थांबवले. मृत्यू. तारीख चुकली. आणि तीन महिन्यांच्या वर आलाच नाही तर एलएफयू, म्हणजे ज्याचा माग सुटला तो. सरकारी कागदावर हा एक शेरा आहे. पण केंद्रातल्या लोकांनी त्या शेऱ्यामागची माणसे शोधायला सुरुवात केली, तेव्हा उपचाराचा खरा इतिहास सुरू झाला, असे मला वाटते.

माग का सुटे? पेरणीला गावी गेला आणि गोळ्या संपल्या. बांधकाम संपले, मजुरांची टोळी दुसऱ्या शहरात गेली. दारू. कुणा भोंदूने महिन्याभरात एड्स बरा करतो म्हणून जाहिरात दिली. अंगात ताकद आली आणि वाटले, आता कशाला? गोळीचाही त्रास होता. तेव्हाच्या स्टॅव्ह्युडिन या औषधाने पाय जळजळत आणि दोन-तीन वर्षांत गाल बसत, इतके की गावात चेहऱ्यावरूनच ओळखले जाई. ज्या गोळीने जीव वाचवला तिनेच गुपित फोडले. काहींचे पत्ते मुळातच खोटे होते, कारण नोंदणीच्या दिवशी त्यांना वाटले होते की खरा पत्ता दिला तर कोणीतरी घरी येईल.

आणि कोणीतरी घरी येऊ लागले. हे क्षेत्रकार्यकर्ते बहुधा स्वतः पॉझिटिव्ह. साधे कपडे, पिशवी, खिशात नावांची यादी. चाळीत गेल्यावर कोणासाठी आलोय हे सांगायचे नाही. बचत गटाचे, विम्याचे, गावाकडचे, काय सुचेल ते सांगायचे. माणूस भेटला तर आधी चहा, मग त्याची कहाणी, आणि अगदी शेवटी, जाता जाता, 'येत्या सोमवारी मी केंद्रावर आहे.' २०१३ पासून 'विहान' नावाच्या प्रकल्पातून देशभर काळजी व आधार केंद्रे उभी राहिली, त्यांच्या कामाचा गाभा हाच. २०१७ साली नॅकोने 'मिशन संपर्क' या नावाने माग सुटलेल्यांना शोधून आणण्याची देशव्यापी मोहीमच काढली. एकाच रोगाच्या रुग्णांना परत आणण्यासाठी सरकारने घरोघर माणसे धाडावीत, हे आपल्याकडे क्षयरोगाखेरीज फारसे घडलेले नाही.

त्याबरोबर अंतरेही कमी होत गेली. ग्रामीण रुग्णालयांत लिंक एआरटी केंद्रे झाली, म्हणजे तब्येत स्थिरावलेल्या माणसाला गोळ्या तालुक्याला मिळू लागल्या. वाशीहून गावी परतलेल्या माथाड्याला बदलीची चिठ्ठी घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव लावता येऊ लागले. उपचारासाठी नेमलेल्या केंद्राकडे जाण्यासाठी रेल्वेने भाड्यात सवलत दिली. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश झाला. एचआयव्ही आणि क्षय दोन्ही असलेल्यांना दोन खिडक्यांचे हेलपाटे होते, तेही संपले आणि दोन्ही औषधे एआरटी केंद्रातच मिळू लागली. यातली एकेक गोष्ट लहान आहे. पण माणसाला येणे सोपे झाले ते अशा लहान गोष्टींनी.

जन्माचा सोबती

औषधही सुधारत गेले. पहिल्या फळीची औषधे निकामी ठरलेल्यांसाठी दुसऱ्या फळीची औषधे जानेवारी २००८ मध्ये चेन्नईजवळचे तांबरम आणि मुंबईचे जे. जे. या दोनच ठिकाणी सुरू झाली. आधी अटी कडक होत्या. सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर २०१०च्या डिसेंबरात सरकारने ती सर्व गरजूंना देण्याचे मान्य केले. स्टॅव्ह्युडिन हळूहळू गेले, दिवसाला एकच गोळी आली, पुढे डोल्युटेग्राव्हिर आले, ज्याचा त्रास कमी आणि ताकद जास्त. गोळ्या सुरू करण्याची सीडीफोरची मर्यादा २०० वरून ३५०, मग ५०० अशी चढत गेली आणि २०१७ साली ती अटच निघाली: तपासणीत लागण निघाली की लगेच गोळ्या.

यामागे एक मोठे संशोधन होते आणि त्यात पुण्याच्या नारीचाही भाग होता. २०११ साली जाहीर झालेल्या या अभ्यासात दिसले की जोडीदारांपैकी लागण असलेल्याने वेळेवर गोळ्या सुरू केल्या तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. पुढे हेही पक्के झाले की ज्याचा विषाणू तपासणीत सापडेनासा होतो, त्याच्यापासून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होतच नाही. समुपदेशनाच्या खोलीत या वाक्याने जे केले ते कुठल्याही पोस्टरने केले नसते. आजवर माणूस स्वतःला धोका समजत होता. आता तारखेला येणे म्हणजे आपल्या माणसाला जपणे, असा त्याचा अर्थ झाला. २०१८ पासून विषाणूचे प्रमाण मोजणारी व्हायरल लोड चाचणी सगळ्यांसाठी नेमाने होऊ लागली आणि पुस्तिकेत आणखी एक रकाना मानाने भरू लागला.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला एचआयव्ही आणि एड्स कायदा लागू झाला. भेदभावाला बंदी, संमतीशिवाय नाव न फोडण्याची सक्ती आणि उपचारांची जबाबदारी सरकारवर. डॉमिनिकच्या त्या ६४ दिवसांना एकोणतीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर म्हणता येईल.

दोन परीक्षा

मार्च २०२०. लोकल बंद, गाड्या बंद. वाशीचे महापालिका रुग्णालय कोविडसाठी राखले गेले आणि वाशीचा घाऊक एपीएमसी बाजार संसर्गाचे केंद्र ठरून मे महिन्यात आठवडाभर बंद ठेवावा लागला. ज्यांची तारीख आली होती ते घरात आणि कित्येक पायी गावाच्या वाटेवर. तेव्हा नॅकोने तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला आणि माणसाला जिथे असेल तिथल्या केंद्रातून औषध द्यायला सांगितले. क्षेत्रकार्यकर्त्यांनी गोळ्या घरपोच केल्या. ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे मागणी होती, ती दर महिन्याऐवजी तीन महिन्यांची तारीख, संकटाने महिन्याभरात मिळवून दिली.

दुसरी परीक्षा व्यवस्थेची होती. २०२२च्या जुलैत औषधांचा साठा अपुरा पडू लागला आणि दिल्लीत नॅकोच्या कार्यालयापुढे पॉझिटिव्ह लोकांनी चाळीस दिवसांहून अधिक काळ धरणे धरले. तारीख पाळणाऱ्याला दहा-पाच दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून परत बोलावायचे, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्या वर्षाच्या खाड्यांकडे ढकलायचे. एरवी कपाटातल्या पांढऱ्या कार्डावर झाकलेली नावे इथे चेहऱ्यानिशी रस्त्यावर बसली. लपून जगणाऱ्यांनी उघड्यावर येऊन औषध मागितले, हा या इतिहासातला फार मोठा क्षण आहे आणि त्याची म्हणावी तितकी दखल आपण घेतलेली नाही.

शंभरातले किती

आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यांत सर्वाधिक, जवळजवळ चार लाख, महाराष्ट्रात आहेत. २०१० च्या तुलनेत एड्सशी संबंधित मृत्यू जवळपास ८० टक्क्यांनी घटले आहेत. जगाने २०२५ साठी ठेवलेले उद्दिष्ट ९५-९५-९५ असे होते: शंभरातल्या ९५ जणांना आपली लागण माहीत असावी, त्यांतल्या ९५ टक्क्यांना उपचार मिळावेत आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. २०२३-२४ मध्ये भारताचे आकडे होते ८१, ८८ आणि ९७.

हे आकडे उलटीकडून वाचावेत. शेवटचा ९७ हा आपला अभिमान आहे: जो येत राहतो तो जगतो, विषाणू दबतो. पण गुणाकार करून पाहिला की शंभरातल्या जेमतेम सत्तर जणांपर्यंतच हे पोहोचते. एकोणीस जणांना ठाऊकच नाही. दहाएक जणांना ठाऊक आहे पण ते गोळ्यांवर नाहीत, आणि माग सुटलेले या दहांतच आहेत. त्यांच्यासाठी नवे औषध शोधायची गरज नाही. त्यांना हवा आहे तो चाळीत शिरून चहा पिणारा, आणि गोळ्यांआधी घरचे विचारणारी. त्या माणसांची मानधने तुटपुंजी, नेमणुका कंत्राटी. आपण औषधावर जेवढा विश्वास ठेवला तेवढा या माणसांवर ठेवला नाही, ही या इतिहासातली आपली मोठी चूक आहे आणि ती अजून दुरुस्त करता येईल.

१९९४ साली मुंबईतल्या डॉक्टरांपुढे एचआयव्हीचा रुग्ण बसला असता तर पुढच्या खेपेला बोलावून द्यावे असे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. आज वाशीच्या खिडकीवर समुपदेशक हिरवी पुस्तिका उघडते, उरलेल्या गोळ्या मोजते, मुलगी कितवीत गेली ते विचारते आणि शेवटच्या रकान्यात तीन महिन्यांनंतरची तारीख पेनाने लिहिते. लिहून झाल्यावर एकदा तोंडानेही सांगते. 'जत्रा कधी आहे तुमची?' असे विचारून, ती जत्रेच्या आत येणार नाही ना, एवढे बघते.